हजेरी

हजेरीत मी त्याचं नाव 'रामनगिणा' लिहायचो.
तो हसायचा. दुरुस्त करायचा नाही.

त्या रात्री मालकाने टेम्पो दिला.
ताडपत्रीखाली अकरा माणसं, एक कुकर.
त्रिमूर्ती चौक आला तसा कुणीतरी खोकला,
मीच म्हणालो, गप.
मराठीतच म्हणालो. सगळ्यांना कळलं.

नाशिकरोडला तिकीट खिडकीपाशी
जो तो आपल्या गावाचं नाव
चोरीचा माल सांगावा तसा सांगत होता.

चौकात दगड घेऊन होता
माझ्या मावशीचा हेमराज,
आयटीआय झालेला, दोन वर्षं घरी बसून.
त्याचंही काही खोटं नव्हतं.

बाप शिरपूरहून आला तेव्हा
सातपूरच्या घरमालकाने विचारलं होतं म्हणे,
खानदेशी ना? भाडं बुडवणार नाही ना?
आई अजून अहिराणीत भांडते,
दाराशी कुणी आलं
की एकदम पुस्तकातलं बोलायला लागते.

महिनाअखेरीला मस्टर उघडलं.
रजा लिहू की गैरहजर?
नऊ दिवसांचा पगार अजून ड्रॉवरमध्ये आहे,
पाकिटावर नाव, या वेळी बरोबर.

चार नंबरचं लेथ आता हेमराजकडे.
हँडलला बांधलेला गमछा त्याने फेकला नाही.
त्यालाच हात पुसतो.