चौकट दश्शी

भांडुपला, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात
शनिवारी साडेनऊनंतर
पावतीपुस्तक बाजूला सरकतं
आणि मेंढीकोट सुरू होतो.

भिंतीपलीकडे पाण्याच्या पंपाची घरघर.
धुरीबाई भाजलेल्या शेंगा आणतात
आणि टरफलं मोजून परत नेतात,
असा मस्कारेन्हसचा आरोप आहे.
तांडेलनं भाऊच्या धक्क्यावर तीस वर्षं तिकिटं फाडली.
पत्तेही तसेच वाटतो,
ज्याला त्याला एक,
मान वर नाही.

जोड जुना, कडा मऊ पडलेल्या,
इस्पिक राणीच्या गालावर चहा.
बावन्नांतले एक्कावन्न खरे.
चौकट दश्शी हरवली.
लोबो म्हणायचा, कपाटामागे असणार.
लोबो वसईला लेकीकडे गेला,
कपाट अजून कुणी हलवलेलं नाही.
तिच्या जागी आहे
वि. शं. हर्डीकर, विमा सल्लागार,
यांचं व्हिजिटिंग कार्ड.
कोऱ्या बाजूवर लाल बॉलपेननं
मीच लिहिलंय : चौकट १०.
पान हातात धरलं
की समोरच्याला हर्डीकरांचा फोन वाचता येतो,
सात आकडी, आता कुठेच न लागणारा.

न खेळणाऱ्यांसाठी सांगतो :
या खेळात सगळा जीव दश्शीत.
तिलाच मेंढी म्हणतात.
एक्का, राजा, राणी, सगळी तिच्यामागची धावाधाव.
चारही पकडल्या की कोट,
आणि समोरच्यांनी आठवडाभर खाली मान.

तर चारांतली एक मेंढी कुणाकडे
हे वाटून होताक्षणी
खोलीतल्या प्रत्येकाला कळतं.
आणि अकरा वर्षं
कुणालाही कळलेलं नाही.

असं कुणी ठरवलं नव्हतं.
धुरीबाई चष्मा काढून पुसतात,
मस्कारेन्हस पंखा बघतो.
मागे एकदा त्यानं हुकमाचा एक्का
भलत्याच हाताला घातला,
आपल्याला ठाऊक नाही एवढंच दाखवायला.
हरला.
जिना उतरताना शीळ घालत होता.

लोबोच्या खुर्चीत आता धुरीबाईंचा भाचा बसतो.
ओजस, वय एकोणीस.
त्याच्याकडे खोक्यांतले खेळ आहेत,
चाळीस पानांची नियमावली,
आणि लाकडाच्या खऱ्याखुऱ्या मेंढ्या,
ज्या देऊन विटा घेता येतात.
हुशार पोरगा. तीन डावांत शिकला.
चौथ्यात म्हणाला,
"काका, दिसतंय की. मेंढी तुमच्याकडे."

शेंग फोडता फोडता धुरीबाई थांबल्या.
"नवा जोड मागवू या ना," तो म्हणाला,
"प्लास्टिकचा मिळतो. धुताही येतो."
तांडेलनं पानं जुळवली, पुन्हा उघडली.
"दिसतं रे," म्हणाला,
"सगळ्यांनाच दिसतं. खेळ."

तांडेल नेहमी त्याच खुर्चीत बसतो,
काचेच्या फलकाकडे पाठ करून.
फलकात थकबाकीदारांची यादी,
तिसऱ्या ओळीत बी-३०२, महिने सात.
खजिनदार मी. अक्षर माझंच,
बॉलपेनही तोच.
मी त्याचा भिडू, म्हणजे बरोब्बर समोर.
अख्खा डाव ती ओळ
त्याच्या खांद्यावर बसलेली असते
आणि मी हुकूम मोजत असतो.

ओजसची नजर हर्डीकरांवरून वर गेली,
काचेवर थांबली,
खांद्यावरून खाली उतरली
आणि आपल्या पानांत शिरली.
मग बराच वेळ तो
एकच पत्ता इकडून तिकडे लावत राहिला.

पुढच्या शनिवारी
नव्या जोडाचं नाव कुणी काढलं नाही.
वाटणी झाली. हर्डीकर माझ्याकडे आले.
मी पानं जरा छातीशी धरली.
ओजसनं मान वर केली.
"पंख्याला चार पाती असतात का कधी?"
"असतात," मस्कारेन्हस म्हणाला,
"आमच्या चर्चमध्ये आहेत.
वारा तेवढाच."

त्या डावात माझी मेंढी गेली.
पकडली ओजसनंच,
आणि इतका दचकला
की धुरीबाईंनाही क्षणभर खरं वाटलं.