हीट नंबर चारशे सतरा

उद्यमबागेत शेवटच्या शेडमध्ये मी कोर करते.
कोर म्हणजे, जिथं लोखंड येऊ नये
तिथं ठेवायची वाळू.
काकवी घालून मळायची, ठोकून भरायची, भाजायची,
मग साच्यात निजवायची.
वरून लाल रस ओततात.
निवला की माझं काम फोडून, झटकून टाकतात
आणि त्या पोकळीतून पुढं पाणी जातं.

उन्हाळ्यात सहाशे हातपंपांची ऑर्डर आली.
मालकाचा धाकटा जेवणाच्या सुट्टीत सांगत होता:
लांब काँगो म्हणून मुलूख आहे,
तिथं बंदूकवाले गावात शिरतात,
लोक आहे तसे उठून चालायला लागतात,
एका माळावर लाखभर माणूस येऊन बसलंय.
मल्लव्वानं डब्याचं झाकण लावलं.
"म्हणजे गाव सोडून आलेली काय?"
तिच्या आईचं गाव हिडकल धरणाच्या पोटात आहे.
पुढं काही बोलली नाही, हात धुवायला गेली.

चारशे सतरा नंबरच्या हीटला कोर ओला राहिला.
माझाच.
चाळीस नगांपैकी दहांत फुगे.
ट्रक दारात उभा.
नारगौडा सुपरवायझर म्हणाला, पुट्टी भरा, रंग मारा.
मी बोटानंच भरली.
भोकं माझ्या करंगळीच्या मापाची होती.
वर निळा रंग.
तपासणीवाला आला, चहा प्याला,
चार नग वाजवून बघितले. वरचे चार.

नणंदेचा मष्णू मराठा पलटणीत,
निळी टोपी घालून तिकडंच गेला होता.
दिवाळीत त्याचा फोटो आला:
"मामी, बघ, बेळगावचा पंप!"
काळ्या खडकाची जमीन, पांढऱ्या ताडपत्र्या,
पिवळे कॅन ओळीत उभे, माणसं लांब सावलीला.
कॅनच नंबर धरून.
आमच्या गल्लीत घागरी असतात तसे.
दांड्याला एक पोरगी लोंबकळलेली,
तिचे पाय जमिनीला नाहीत.
"हितं पाण्याला माजी म्हणतात, मामी."
माजी.
आमच्यात ती माजी, ही तुजी, म्हणून भांडणं होतात.

मी फोटो दोन बोटांनी ताणला.
रंगाच्या खाली उठून दिसत होतं
चार, एक, सात.

चाळीसात दहा. चारातला एक.
शाळेत न आलेलं गणित त्या रात्री आलं.

"मानेखाली बघ रे, गळतोय काय?"
दोन दिवसांनी उत्तर आलं:
"गळतोय, खरं चालतोय."
आमच्याकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात,
पुण्याची सून हसते त्याला.
"बायकांनी ट्यूबचं रबर गुंडाळलंय.
खाली एक डबा ठेवलाय.
रात्री उशिरा आलेली, यादीत नाव न चढलेली माणसं
त्या डब्यातलं नेतात."
मला बरं वाटावं म्हणून म्हणाला काय, कळलं नाही.
डब्याचा फोटो मी मागितला नाही.

नारगौडाला सांगितलं.
ऑर्डर बंद झाली, पैसे आले, म्हणाला,
आणि तुझा पण पगार झाला की त्यातनं.
तेही खरंच.
तेव्हापासून सुट्टी झाली तरी थांबते मी,
छोट्या हातोडीनं एकेक नग वाजवते.
चांगला नग देवळातल्यासारखा वाजतो,
फुग्याचा बद्द.
मल्लव्वा म्हणते, तुझी बस चुकणार.
चुकते कधी कधी.
मच्छेपर्यंत चालत जाते.

शिमग्याला मष्णूचा फोन आला, आवाज तुटत होता.
तो माळ पण उठला, मामी.
बंदूकवाले डोंगर उतरून आले.
ताडपत्र्या, काठ्या, कॅन, सगळं डोक्यावर घेऊन लोक गेले,
पंप तेवढा हाय, तो कुठं उपटून नेणार?
मग लाइन गेली, परत आली.

"खरं रबर सोडून नेलंय, मामी.
नीट, गाठ न कापता."