एकच मालक

शोरूममधल्या नव्या गाडीला
नुसता प्लास्टिकचा वास, आणि साठ हप्त्यांचा.
म्हणून आज कर्वेनगरात, घैसासांच्या पार्किंगमध्ये.
सात सीटा, ब्याऐंशी हजार किलोमीटर, एकच मालक.
मकरंद टायरला लाथ मारतो, जाणत्यासारखी;
बॉनेट उघडून नुसताच उभा राहतो.
पोरं कधीच मागे चढलीत.

शेवटच्या सीटच्या फटीत हाताला लागते
चिमूटभर वाळू, एक चिंचोका, गुलाबी क्लिप.
"गुहागरची असेल," काका म्हणतात, वाळूबद्दल.
क्लिपबद्दल काही नाही.

चांदणी चौकाच्या चढावर
सेकंड गिअर कुरकुरतो.
वीस हजार कमी करा, मी म्हणते.
ते पंधरावर येतात, आणि किल्ली देताना:
"मागची डावी काच थोडी उघडी ठेवत जा.
तिला गाडी लागते."