कारणाचा रकाना

मच्छेहून पाच चाळीसला सुटते.
पुढे काच आहे, काचेमागे खुर्ची नाही.
म्हणजे आहे, माझी, पण दाराला लागून,
आणि हातांना काम नाही, हे लेखी दिलंय त्यांनी.
दोन डबे, सहा थांबे.
स्टेशनावर सहा सातची मिरजेची गाडी गाठून द्यायची,
एवढ्यासाठीच हिचा जन्म.

पहिल्या दिवशी विचारलं, फीडर म्हणजे काय, मॅडम?
सहना हिरेमठ, बेंगळुरूच्या. मराठी मोजून बोलतात.
"मोठ्या गाडीला भरवायचं," म्हणाल्या.

मग बावीस वर्षं मी भरवतच होतो की.
सहा सीटर, आत अकरा,
दोघं माझ्या दोन्ही अंगांना अर्ध्या मांडीवर,
उद्यमबागेच्या भट्टीवाल्यांचे डबे माझ्या पायापाशी,
गिअर टाकायचा तर आधी कुणाचा तरी गुडघा सरकवायचा.
तेव्हा थांबा म्हणजे हात.
वर झालेला हात.
नाहीतर आरशात लहानाचं मोठं होत पळत येणारं कोणीतरी.

हिला आरसा नाही. सात डोळे आहेत.
माणूस, कुत्रं, पोतं, सायकल, सगळं वेगळं ओळखते,
रुळावर आलं तर.
रुळाकडे पळत येणारं
तिच्या हिशेबात अजून आलेलंच नसतं.

वीस सेकंद. मग दार.

तिसऱ्या गेटाच्या बोळातून कल्लव्वा,
डोक्यावर बुट्टी, ओल्या फडक्याखाली काकड्याच्या कळ्या,
घटप्रभेपर्यंत विकत जाते.
"तडी, तडी!" ती ओरडतेय.
"थांब की गं!" मी, गाडीला.
गाडीला ना तडी कळतं, ना थांब.
या गावात दोन्ही भाषांना सारखं मानणारं
मला भेटलेलं हे पहिलंच कोणी.

लाल बटण दाबलं.
सगळा डबा पुढे कलंडून मागे आला,
कंट्रोलवरून कोणीतरी माझं नाव चुकीचं घेतलं,
कल्लव्वा चढली, बुट्टी उतरवली,
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
अकरा सेकंद.

बटण दाबलं की कागद भरायचा.
तारीख, वेळ, थांबा. कारण.
कारणाला रकाना बोटभर.
छापलेलं कन्नडात आणि इंग्रजीत.
कन्नड मी बोलतो, भांडतो, पाट्या वाचतो,
लिहायला गेलो की अक्षरं वासरासारखी चारी दिशांना.
मराठीत लिहिलं: बाई येत होती.

मॅडमनी कुणाकडून तरी वाचून घेतलं.
कोणती बाई?
रोजची.
रोज उशीर करते?
उशीर नाही, मॅडम. ती तिच्या वेळेला असते. गाडी लवकर सुटते.
त्या हसल्या नाहीत.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

पुढच्या सोमवारी तिसरं गेट, पाच बावन्न.
वीस झाले. दार उघडंच.
एकवीस, बावीस, मी ओठातल्या ओठात मोजतोय,
भट्टीवाला एकजण विचारतोय, बिघडली काय?
पस्तीस.
बाकीच्या फेऱ्यांना वीसच आहेत, नंतर पाहिलं.
मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आणि कल्लव्वा आली. चालत.
इतक्या वर्षांत तिला चालताना पहिल्यांदा बघत होतो.
डावा पाय ओढते.
पळताना ते दिसत नसे.

बसल्यावर म्हणाली, अर्धं तिच्यातलं, अर्धं माझ्यातलं,
हाकणारा दिसत नाही, खरं शहाणा आहे कोणीतरी.
व्हय, म्हटलं.

या महिन्यात एकही कागद भरला नाही.
कोरे रकाने वर गेले की खुर्ची काढतील,
तिथं दोन माणसं उभी राहतील, सरळ हिशेब आहे.
ठीकच आहे.
फक्त गोगटे सर्कलपुढच्या वळणावर
बूट आपोआप ब्रेक शोधतो अजून,
आणि खाली सपाट रबर लागतं,
त्यावर एखादी कळी, चेंगरलेली,
वास मात्र जात नाही.