नऊ इंच

गुरुशांत,
जुळे सोलापूरच्या पुढं तो जो प्लॉट म्हणतोस
तो बघायला एजंटच्या गाडीतून जाऊ नको.
काचा वर करून बसलं की
कुठलीही जमीन गावाजवळ वाटते.
रिक्षानं जा, शेवटचा किलोमीटर पायी,
मे महिन्यात, दुपारी दीडला,
आणि पहिली सावली किती मिनिटांनी सापडते
ते घड्याळ लावून बघ.

मग पाण्याच्या दिवशी जा.
एजंट म्हणेल, तीन दिवसाआड.
त्याला हो म्हण, आणि ज्या दारात
सात निळी पिंपं दिसतील तिथल्या बाईला विचार.
ती सांगेल : पाचव्या दिवशी, कधी सहाव्या,
तेही रात्री अडीचला.
तलाठ्याकडं न मिळणारा उतारा तो.

सातबारा आजचा नको, तीस वर्षांचा काढ.
फेरफार वाच. अक्षर लागलं नाही तर माझ्याकडं आण.
मुलींची नावं कुठं गळाली ते बघ.
लग्न होऊन इंडीला गेलेली बहीण
वाटणीच्या वेळी कुणाला आठवत नाही,
आणि बांधकाम जोत्यावर आलं
की तिला सगळं आठवतं.
तिचं बरोबरच असतं.

भोगवटादार वर्ग दोन दिसलं
तर चहा पूर्ण पी आणि ऊठ.

माती काळी असेल. खड्डा मार, मुरूम लागेपर्यंत.
ती पावसात फुगते, उन्हात आकसते,
भिंतीत तडा जातो आणि तडा
बरोबर हप्ता भरायच्या तारखेला दिसतो.
नकाशात रस्ता बारा मीटरचा आहे म्हणालास.
असले बारा मीटर मी चालून मोजलेत रे,
वेड्या बाभळीतून.

पुढं खोल्या काढून भाड्यानं देशील.
करार अकरा महिन्यांचा, नोंदवून, मीटरचा आकडा लिहून.
पण त्यांच्या पोराची दहावी असेल
तर फेब्रुवारीत भाडं वाढवू नको.
हे कलम करारात बसत नाही.

आता बसलो होतो ते सांगायला.

चौतीस वर्षं मी मोजणी खात्यात साखळी ओढली.
लोक भांडायचे, मी दगड दाखवायचो.
साखर पेठेत शेजारी नरसय्या चिप्पा,
चार माग, भिंतीला भिंत.
त्यानं नवी भिंत घातली ती नऊ इंच
माझ्यात आली.
माझ्यात! मोजणीवाल्याच्या घरात!
सोळा वर्षं तारखा केल्या.
वकिलाच्या दोन पोरींची लग्नं झाली,
दोन्हीकडं मी जेवून आलो.

जिंकलो.
निकाल आला तेव्हा नरसय्या सिव्हिलला होता.
त्याच्या पोरानं स्वतःच्या पैशानं गवंडी आणला,
भिंत पाडली, मागं घेऊन बांधली.
एक शब्द बोलला नाही.
संध्याकाळी मी टेप लावली.
सव्वानऊ भरले.

तो पाव इंच मी कुठं जमा करू?

त्या पट्टीत माणूस शिरत नाही, झाडू पोचत नाही.
वर्षातून दोनदा मांजरी विते.
सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर माझं नाव आहे,
पण तिला उतारा दाखवायचा कुणी?
रात्री पिलं ओरडतात
आणि भिंतीच्या त्या अंगाला माग थांबलेले असतात,
तेव्हा दोन्ही घरं जागी असतात, एवढं कळतं.

तर घे प्लॉट. नाही म्हणत नाही.
चारी कोपऱ्यांचे दगड उघडे करून घे, फोटो काढ.
चतुःसीमेत "पूर्वेस : खाजगी मालकी" एवढंच लिहितील,
तू नाव विचार. त्यांच्या घरी जाऊन ये.
आणि भिंत घालशील तेव्हा
थोडी आतल्या अंगाला घाल.
किती, ते मला विचारू नको.

इसार एक लाख मागतोय म्हणालास?
अकरा हजार दे.
पावती घे.