वाईट नाही

वाशीत, दुसऱ्या मजल्यावर
खिडकी नसलेली एक खोली आहे,
बरोब्बर चार मीटर लांब.
तिथे दोन वर्षं मी लोकांची नजर मोजली
आणि मला मुद्दाम अंधारात ठेवलं होतं.

तशी पद्धतच आहे.
मोजणारीला कळता कामा नये
शेजारच्या खोलीत कुणाला सुई मिळाली
आणि कुणाच्या बधिर डोळ्यावर
सुईविना सिरिंज नुसतीच टेकवली.
कळलं तर 'नीट बघा' म्हणताना
मी अर्धा क्षण जास्त थांबेन,
त्या अर्ध्या क्षणात एक ओळ वाढेल.
खरंय. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

नंबर शून्य एकवीस. दिवाळे कोळीवाडा, बेलापूर.
फॉर्मवर नाव लिहायचं नसतं,
इथे तिला विचारून लिहितेय: धाकलीबाई.
साखर अठरा वर्षांची, पडद्याला मधोमध सूज.

डावा-उजवा ती सांगत नाही.
उलटासुलटा ई दाखवला की म्हणते,
"ह्याचं पाय खाडीकडं. ह्याचं डोंगराकडं.
ह्यो उपडा परलाय."
मी मनातल्या मनात अख्खी नवी मुंबई फिरवून
फॉर्मवर डावा, उजवा, खाली लिहायचे.
बंद खोलीत खाडी कुठे ते तिला कसं कळायचं,
हा प्रश्न प्रोटोकॉलमध्ये नव्हता.

पहिल्या दिवशी चौकड्यांचा कागद दिला.
मधल्या ठिपक्याकडे बघा, रेषा सरळ दिसतात?
ती हसली. "बाय, ह्ये तं जालं हाय.
पन मदी बोय घुसलाय. वाकवलंय त्यानं."
मी रकान्यात 'बोय' लिहिलं,
मग एकाच रेघेने खोडलं,
शेजारी सही, तारीख,
नियमाप्रमाणे.

प्रश्न साधा होता:
महिन्याला एक सुई, की चार महिन्यांनी एक?
महिन्याला सुई म्हणजे महिन्याला एक बाजार बुडाला,
मुलाची रिक्षा दिवसभर उभी
आणि आदल्या रात्री झोप नाही,
जिला कुठलाच रकाना नाही.
गंमत अशी की हे शोधून काढायला
सगळ्यांनाच दर महिन्याला यावं लागलं.

ती दरवेळी विचारायची,
"आज सुई व्हती का नुस्ता दाब?"
मलाही माहीत नाही.
"मंग आपुन दोगी सारक्याच."

निकालात 'जिंकलं' असा शब्द नव्हता.
चार महिन्यांची सुई जुन्यापेक्षा
आधीच ठरवलेल्या चार अक्षरांच्या मर्यादेपलीकडे
वाईट नाही. इतकंच.
सभेत तरुण डॉक्टर जरा हिरमुसले.
मला दिवाळ्याचा धक्का आठवला,
जिथे टोपलीतल्या ताज्या पापलेटचंही कौतुक
"वाईट नाय" एवढ्यावरच संपतं
आणि गिऱ्हाईक पिशवी उघडतं.

तक्त्यात एक रेघ मात्र चौदाव्या महिन्यात तुटते.
शून्य सतरा. घणसोलीचा रात्रपाळीचा वॉचमन.
फोन बंद, खोलीला दुसऱ्याचं कुलूप.
त्याच्या पुढच्या दहा भेटी
सॉफ्टवेअरने अंदाजाने भरल्या,
तसं करणं शास्त्राला धरूनच आहे.
मी अजून गेटपाशी बसलेल्या माणसांचे
चेहरे नको तितके निरखते.

मग यादी उघडली.
धाकलीबाई चार महिन्यांच्या गटात:
आठ सुया, सोळा वेळा नुसता दाब.
तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
"सोला येला मी फुकट भ्याले?"
पूर्ण मिनिटभर रागावली होती.
मग पिशवीतून सोड्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली,
जी दोन वर्षं मी नियमावर बोट ठेवून परत केली होती.

जाताना चौकड्यांचा कागद घरी न्यायला मागितला.
एक डोळा झाकून दारातच उभी राहिली.
मी विचारलं, बोय गेला का?
"हाय अजून. ल्हान झालाय.
ऱ्हाऊ दे."