चोडणची दुसरी फेरीबोट

डॉक्टर फोनवर म्हणाले, चालायला हवं,
रोज पाऊण तास, साखर उतरेपर्यंत.
कुठे, ते म्हणाले नाहीत.
धक्क्यावर बोट साखळीने बांधलेली,
तिठ्यावर पोलीस,
आणि पपांचा उभा जन्म
रायबंदर–चोडण, चोडण–रायबंदर करण्यात गेलेला.
सरळ कुठेतरी निघून जायचं
ही सवयच नाही त्यांना.

मग एका सकाळी
स्वयंपाकघराचं रायबंदर झालं
आणि पुढच्या दाराचं चोडण.
सत्तावीस पावलं, आईने मोजली.
पपांना मान्य नाही:
"भरती असली की जास्त लागतात."

निघताना ते मोठ्याने म्हणतात, "सोडली!"
पोचले की दाराच्या कडीला
नसलेला दोर दोनदा गुंडाळतात
आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात
एक चिंचोका टाकतात. टण्.
साठ चिंचोके म्हणजे पाऊण तास,
मधल्या गप्पा धरून.
बाजूच्या खोलीत माझा चौथीचा वर्ग, फोनवर.
मुलं विचारतात, बाई, हा आवाज कसला?
बोट लागली, मी सांगते.
वल्लभ नावाचा एकजण वहीत खुणा करतो.
भागाकार चुकतो त्याचा,
फेऱ्या कधी चुकत नाहीत.

आई चढत नाही बोटीत.
माझ्याच चुलीपासून माझ्याच दारापर्यंत
तिकीट कसलं, म्हणते.
पण दुपारी एकदा
सोलांचं सूप कमरेवर घेऊन
त्यांच्या मागून जाताना पाहिली मी तिला,
एक हात भिंतीवर,
कठड्यावर ठेवावा तसा.

गडग्यापलीकडे एस्पेरांसाबाय.
तिचा आग्नेल तारवटी,
क्रूझवर लोकांच्या चादरी बदलणारा.
आता प्रवासी उतरले, चादरी उरल्या
आणि जहाज मुंबईसमोर नांगर टाकून उभं.
अठरा दिवस. दिवे दिसतात,
उतरू देत नाहीत.
हे सांगून तिने बिंबलांची परडी गडग्यावर ठेवली
आणि चार पावलं मागे सरली.
आई पुढे झाली, परडी घेतली,
खतखत्याचा डबा ठेवला, मागे सरली.
मास्कवरून दोघींचे डोळेच बोलले
आणि बिंबलं फार आंबट निघाली.

एका संध्याकाळी तिने फोन गडग्यावर उभा केला.
आग्नेल दिसला, दाढी वाढलेला.
मांडवीबाहेर कधी न गेलेल्या पपांनी विचारलं,
"नांगर धरतो ना नीट? खाली चिखल की रेती?"
तो हसला. खूप दिवसांनी, एस्पेरांसाबाय म्हणाली.
"सगळे विचारतात कधी येतोस.
नांगराचं तुम्हीच विचारलंत, काका."

तेव्हापासून तोही डेकवर चालतो
आणि रात्री आकडा पाठवतो.
पहिल्या दिवशी सत्तर.
पपांनी रागाने दुसऱ्या दिवशी नव्वद केल्या,
पाय सुजले,
आईने डबाच उचलून फळीवर ठेवला,
दोन दिवस घरात अबोला आणि मेथीची पेज.

मग एका रात्री आकडा आला नाही.
नऊ वाजले, दहा वाजले.
एस्पेरांसाबायच्या बाल्कांवात दिवा तसाच.
मला जाग आली ती आवाजाने. टण्.
अंधारात पपा चालत होते,
"सोडली" न म्हणता.
मी म्हटलं, तुमच्या झाल्यात आजच्या.
ते थांबले नाहीत.
"ह्या त्याच्या," म्हणाले.

सकाळी पोदेराची पों-पों आली, कितीतरी दिवसांनी,
आणि तिच्या मागोमाग गडग्यापलीकडून हाक:
नेट गेलं होतं जहाजावरचं! काल एकसष्ट!
एस्पेरांसाबाय गरम पाव पदरासारख्या
कापडात धरून नुसतीच उभी,
ठेवायचं विसरून.

पपा डबा उपडा करून बसले.
एकसष्ट त्याने स्वतः घातल्या,
मग रात्रीच्या ह्या बावीस कोणाच्या नावावर?
हिशोबाला ते पहिल्यापासून कडक.
आईने ते बावीस चिंचोके उचलले,
फडक्यात बांधले, मिठाच्या बरणीमागे ठेवले.
"परतीचे," म्हणाली.

आग्नेल अजून उतरलेला नाही.
साखर आज एकशे बेचाळीस.